विकिपीडियाचा डॅशबोर्ड: हजेरीला उत्तम, गुण द्यायला अपुरा

उपयोजित मराठीच्या वर्गाला निबंधाऐवजी मराठी विकिपीडियावर लिहायला लावायचे, तर चाळीस जणांचे काम एका जागी दिसले पाहिजे. ‘प्रोग्राम्स अँड इव्हेंट्स डॅशबोर्ड’ हा संकेतस्थळावरचा फलक ही सोय देतो. विकी एज्युकेशन ही संस्था अमेरिका आणि कॅनडातल्या महाविद्यालयांसाठी जो डॅशबोर्ड चालवते, त्याचेच हे बाकी जगासाठीचे रूप. मोफत आहे, आणि विकिपीडियाच्याच खात्याने प्रवेश होत असल्याने वेगळा पासवर्ड लागत नाही. आधी वाचन, मग स्रोतांची यादी, मग धूळपाटीवर (म्हणजे सदस्याच्या सरावाच्या पानावर) मसुदा, मग एकमेकांचे परीक्षण आणि सगळ्यात शेवटी प्रत्यक्ष लेख, ही तिकडच्या लेखनवर्गांत मुरलेली पद्धत त्याच्या वेळापत्रकात बसवता येते. मराठीच्या वर्गालाही हाच क्रम लागू पडतो.

नवा कार्यक्रम तयार करायला पंधरा मिनिटे पुरतात, पण त्यातच दोन चुका हमखास होतात. मूळ विकी म्हणून इंग्रजी विकिपीडिया आधीच निवडलेला असतो. तो बदलून मराठी केला नाही, तर नेमून दिलेली शीर्षके इंग्रजी विकिपीडियावर शोधली जातात. छायाचित्रे चढवायची असतील, तर कॉमन्स हे विकिपीडियाचे चित्रभांडारही त्याच वेळी जोडून घ्यावे. दुसरी चूक वेळेची. घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालते, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. सकाळी १० च्या तासासाठी सुरुवात ४:३० ला ठेवा, नाहीतर पहिल्या तासाचे काम नोंदलेच जात नाही. नोंदणीचा दुवा वर्गाच्या ग्रुपवर टाकला, विद्यार्थ्याने तो उघडून विकिपीडियाच्या खात्याने प्रवेश केला आणि सामील होण्याचे बटण दाबले, की नाव यादीत येते. दुवा नुसता उघडून बंद केला तर येत नाही.

संगणककक्षात पहिला दिवस वाया जातो तो खात्यांपायी. एका आयपी पत्त्यावरून २४ तासांत ६ च नवी खाती उघडता येतात, आणि महाविद्यालयाचे सगळे संगणक बाहेरच्या जगाला बहुधा एकाच पत्त्याचे दिसतात. सातव्या विद्यार्थ्याला नकार मिळतो. सोपा उपाय म्हणजे आठवडाभर आधी घरून खाती उघडायला सांगणे. तेवढा अवधी नसेल, तर फॅब्रिकेटर या विकिपीडियाच्या तांत्रिक विनंत्यांच्या संकेतस्थळावर आयपी पत्ता, तारीख आणि विद्यार्थिसंख्या देऊन मर्यादा तात्पुरती वाढवून मागता येते. सदस्यनामात महाविद्यालयाचे नाव नको, आणि दोघांत एक खाते तर मुळीच चालत नाही.

डॅशबोर्डवर प्रशिक्षणाचे धडे आहेत. ते नीट रचलेले आहेत, पण उदाहरणे इंग्रजी विकिपीडियावर बेतलेली. आपल्याकडे धूळपाटी, चावडी (सार्वजनिक चर्चेचे पान), साचा (पानात बसवायचा तयार मजकूर), प्रचालक (देखरेखीचे जादा अधिकार असलेला सदस्य) हे शब्द वापरात आहेत. ते शिक्षकाने पहिल्याच तासाला पडद्यावर दाखवावेत. टंकलेखनासाठी विकिपीडियाच्या चौकटीतच मराठी लिप्यंतरण आणि इनस्क्रिप्ट या प्रमाण कळफलकाची सोय आहे. कंट्रोल-एम दाबले की ती चालू-बंद होते. संगणकावर मराठी कळफलक बसवलेला नसेल तेव्हा हीच उपयोगी पडते.

आता मुख्य मुद्दा. कोणी किती भर घातली हे डॅशबोर्ड आकड्यांत दाखवतो, आणि त्या आकड्यावर गुण द्यायचा मोह होतो. तो टाळाच. लेखाच्या इतिहासातला हिरवा आकडा अक्षरांचा नसून बाइटचा, म्हणजे संगणकात मजकुराने व्यापलेल्या जागेचा असतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘संदर्भ’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा, पण अनुस्वार आणि हलन्त धरून त्यात सहा चिन्हे आहेत, म्हणजे १८ बाइट. तीन-चार परिच्छेद लिहिले की आकडा हजारांत जातो. शिवाय वर्तमानपत्रातून उचललेला मजकूरही तितकाच मोठा दिसतो. २०११ साली पुण्यातल्या महाविद्यालयांत इंग्रजी विकिपीडियासाठी प्रायोगिक उपक्रम झाला होता. प्रताधिकार असलेला इतका मजकूर चिकटवला गेला, की स्वयंसेवकांना तो उपसत बसावे लागले आणि उपक्रम बंद करावा लागला. म्हणून प्रत्येकाच्या संपादनाचा ‘फरक’ (आधीचा आणि नंतरचा मजकूर शेजारी दाखवणारे पान) उघडून वाचायलाच हवा, आणि संशय आला की त्यातले एक वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधायला हवे. चाळीस विद्यार्थ्यांना यात दोन संध्याकाळी जातात. त्या दिल्याच पाहिजेत.

फरक वाचताना लेखनही दिसते, आणि मराठीच्या शिक्षकाला खरे काम इथेच आहे. ‘कृष्णामाईच्या कुशीत वसलेली वाई म्हणजे जणू दक्षिण काशीच’ हे निबंधाचे वाक्य. ‘वाई हे सातारा जिल्ह्यातील कृष्णा नदीकाठचे शहर आहे’ हे विश्वकोशाचे. वाईला दक्षिण काशी म्हणतात हेही लिहिता येते, पण कोण म्हणते त्याचा संदर्भ देऊन. विद्यार्थी विशेषणे काढायला चटकन शिकतात. ‘असे मानले जाते’ मात्र सुटता सुटत नाही. मानणारा कोण, हा प्रश्न मार्जिनमध्ये पुन्हापुन्हा लिहावा लागतो.

धूळपाटीवरून लेखात नेताना एक चूक जवळजवळ सगळेच करतात. वाचनाच्या पानावरून मजकूर निवडून चिकटवतात. मग चौकटी कंसातले आकडे साधे अंक होऊन येतात आणि मागचे संदर्भ गळून पडतात. धूळपाटीत आधी ‘संपादन’ उघडावे, तिथून मजकूर उचलावा आणि लेखातही त्याच प्रकारच्या संपादन-चौकटीत चिकटवावा. आधीपासून असलेल्या लेखावर आपला मसुदा सरसकट ओतू नये. एकेक परिच्छेद न्यावा आणि बदलांच्या सारांशात काय केले ते लिहावे. गटातल्या दोघांनी एकच विभाग उघडला तर संपादन-संघर्ष होतो, म्हणजे एकाचे बदल दुसऱ्याच्या बदलांना अडतात, म्हणून विभाग आधीच वाटून द्यावेत.

२५ गुण असतील तर अशी वाटणी करावी: प्रशिक्षणाला ५, स्रोतांच्या यादीला ५, लेखातल्या मजकुराला ८, सहाध्याय्याच्या परीक्षणाला ४ आणि लेखाच्या चर्चा पानावरच्या उत्तरांना ३. यातले पहिले ५ डॅशबोर्ड पाहून देता येतात. बाकीच्यांसाठी तो फक्त योग्य पानापर्यंत नेऊन सोडतो, आणि नावांच्या यादीतून सरळ प्रत्येकाच्या संपादनांवर जाता येणे हीच त्याची सर्वांत मोठी सोय.

कार्यक्रमाची शेवटची तारीख सत्राच्या शेवटच्या दिवशी ठेवू नये. जुन्या सदस्यांचे आक्षेप आणि ‘संदर्भ हवा’चे साचे बरेचदा उशिरा येतात, आणि त्यांना उत्तर देणे हाही अभ्यासच आहे. गुण भरण्याआधी तीन आठवडे लेखन थांबवायला सांगा, तारीख मात्र पुढची ठेवा, म्हणजे त्या काळातली दुरुस्तीही विद्यार्थ्याच्या नावावर नोंदली जाते.