मराठी आणि गुजराती एकत्र लिहिणाऱ्यांनी शुद्धलेखन तपासणीसाठी काय निवडावं: लिब्रेऑफिस, विम की ईमॅक्स?

माझी आत्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्याच्या आठवणी लिहिते आहे. पहिलं प्रकरण टाइप करून झालं आणि तिचा फोन आला. "अरे, प्रत्येक ओळीखाली लाल नागमोडी रेघा आल्यात. इतकं चुकतंय का माझं?" जाऊन पाहिलं, तर 'आहे'खाली रेघ, 'आम्ही'खाली रेघ, 'परिस्थिती'खाली रेघ. चुकीचं काहीच नव्हतं. देवनागरी मजकूर हिंदी समजून तपासला जात होता, आणि हिंदीत 'परिस्थिति' ऱ्हस्व लिहितात.

बडोद्यातल्या मराठी माणसाची अडचण इथूनच सुरू होते, कारण आपल्या लिखाणात मराठीबरोबर गुजरातीही येते. आत्याच्या आठवणींत शेजारच्या बेन बोलतात ते गुजरातीत, तेही गुजराती लिपीत. त्यामुळे साधन निवडताना मी पहिला प्रश्न हा विचारतो: दोन्ही भाषा एकाच वेळी तपासता येतात का?

लिब्रेऑफिस हा लेखनाचा प्रोग्रॅम, तर विम आणि ईमॅक्स हे साधा मजकूर लिहिण्याचे संपादक. आतला कोश तिन्ही ठिकाणी एकच वापरता येतो. तो हनस्पेल या तपासनिसाचा. हंगेरियन भाषेसाठी तयार झालेल्या या तपासनिसाच्या दोन फायली असतात. एकीत मूळ शब्द असतात आणि दुसरीत प्रत्यय लागताना शब्द कसा बदलतो त्याचे नियम. मराठीसाठी ही दुसरी फाइलच जास्त महत्त्वाची आहे. 'फूल' दीर्घ, पण 'फुलाचा' ऱ्हस्व. 'गरीब', पण 'गरिबाला'. 'शरीर' मात्र तत्सम, म्हणून 'शरीराला' दीर्घच राहतं. 'देऊळ'चं 'देवळात' होतं. सामान्यरूपाचे हे नियम जितके नीट लिहिलेले, तितका कोश कामाचा. नाहीतर 'देवळासमोरच्यांनाही' हा शब्द त्याला परका वाटतो आणि बिनचूक शब्दाखाली रेघ येते.

लिब्रेऑफिस वापरायला सगळ्यात सोपं. कोश विस्तार म्हणून बसवता येतो, एफ७ दाबलं की तपासणी सुरू होते. पण ऑप्शन्समधल्या भाषांच्या विभागात 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' असा वेगळा रकाना आहे, आणि तिथे हिंदीऐवजी मराठी निवडावी लागते. आत्याच्या बहुतेक रेघा एवढ्यानेच गेल्या. उरल्या त्या गुजराती वाक्यांखालच्या. मराठी आणि गुजराती दोन्ही याच रकान्यात मोडतात आणि तिथे भाषा एकच ठेवता येते. म्हणून गुजराती संवादांसाठी वेगळी शैली करून तिची भाषा गुजराती ठरवावी लागते. संवाद स्वतंत्र परिच्छेदात असतील तर हे सोपं जातं. वाक्याच्या मध्येच दोन गुजराती शब्द येत असतील तर दर वेळी ते निवडून शैली लावायची. ते कंटाळवाणं काम आहे आणि हमखास विसरलं जातं.

विम आणि ईमॅक्स इथे सरस ठरतात. दोन्हींत भाषांची यादी देता येते. मराठी, स्वल्पविराम, गुजराती असं एकदा सांगितलं की दोन्हींपैकी कोणत्याही कोशात सापडलेला शब्द बरोबर धरला जातो. दोन्ही लिप्या वेगळ्या असल्यामुळे गोंधळ होत नाही. (मराठीबरोबर हिंदी जोडू नका. लिपी एकच, त्यामुळे 'परिस्थिति'ही बरोबर ठरेल आणि तपासणीचा उपयोगच राहणार नाही.)

विममध्ये तपासणीची सोय २००६ साली सातव्या आवृत्तीत आली. हनस्पेलच्या फायलींवरून त्याचा स्वतःचा कोश एकदा बनवून घ्यायचा. मग बंद होणारा चौकटी कंस आणि एस दाबलं की पुढची चूक, झेड आणि बरोबरचं चिन्ह दाबलं की पर्याय, झेड-जी दाबलं की शब्द कायमचा आपल्या यादीत. या वेगाला तोड नाही. पण विम सहसा टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या साध्या खिडकीत चालतं, आणि अनेक टर्मिनलांत जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात. शुद्धलेखन तपासताना अक्षरच नीट दिसत नसेल तर डोळ्यांनी काय पडताळणार? ज्यांचं टर्मिनल देवनागरी स्वच्छ दाखवतं त्यांनी विम जरूर घ्यावं, बाकीच्यांनी नको.

ईमॅक्समध्ये २०२०च्या सत्ताविसाव्या आवृत्तीपासून अक्षरजोडणीसाठी हार्फबझ आलं आणि देवनागरी सुंदर दिसू लागली. फ्लायस्पेल चालू केलं की टाइप करतानाच चुका खुणावल्या जातात. सुरुवातीची मांडणी मात्र वेळ घेते. एक संध्याकाळ बाजूला काढावी लागते, आणि कुणी माहीतगार शेजारी बसला तर बरं.

तिन्हींत एक अडचण सारखीच आहे. 'दुसऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण कोश करणाऱ्यानं सोय केली नसेल तर यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. 'ॲ'चंही तसंच. ते स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीच्या मजकुरात अ आणि वरची चंद्रखूण असे दोन तुकडे असतात. जुना मजकूर आणलात तर तपासणीआधी 'शोधा आणि बदला' वापरून हे एकसारखं करून घ्या.

आता शब्दकोश, म्हणजे अर्थ पाहणं. हे काम तपासणीपेक्षा वेगळं आहे. 'दिन' म्हणजे दिवस, 'दीन' म्हणजे गरीब. 'सुत' म्हणजे मुलगा, 'सूत' म्हणजे धागा. दोन्ही शब्द कोशात आहेत, त्यामुळे लाल रेघ कधीच येणार नाही. एका स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर 'वर्धापन दीन' छापलेलं पाहिलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. अशा जागी अर्थच पाहावा लागतो.

ईमॅक्समध्ये अठ्ठाविसाव्या आवृत्तीपासून कोश पाहण्याची सोय आतच आहे, पण नेहमीच्या सर्व्हरवर मुख्यतः इंग्रजी कोश असतात. मराठीसाठी मी गोल्डनडिक्ट हा वेगळा प्रोग्रॅम सुचवतो. त्याला हनस्पेलच्या त्याच फायली दाखवल्या की तो 'देवळात'वरून 'देऊळ' काढून मूळ शब्द शोधू शकतो. तो कुठल्याही संपादकाबरोबर चालतो. शिकागो विद्यापीठानं ऑनलाइन ठेवलेले मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचे कोशही त्यात संकेतस्थळ म्हणून जोडून पाहता येतात. एवढं लक्षात ठेवा: मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ची, आणि तत्सम शब्दांचा शेवट दीर्घ लिहिण्याचा आपला आजचा नियम साहित्य महामंडळानं १९६२ साली घालून दिला. त्यामुळे 'गती' सापडली नाही तर 'गति' लिहून पाहा.

ज्यांचं लिखाण मुख्यतः मराठी आहे आणि गुजराती अधूनमधून परिच्छेदभर येते, त्यांनी लिब्रेऑफिस आणि गोल्डनडिक्ट घ्यावं. दोन्ही भाषा एकाच वाक्यात मिसळत असतील आणि शिकायची तयारी असेल तर ईमॅक्स. विम त्यांच्यासाठीच, जे ते आधीपासून रोज वापरतात.

आत्याला मी लिब्रेऑफिस लावून दिलं आणि गुजराती संवादांची शैली एका कळीवर बांधली. 'शेवउसळ', 'सुरसागर', 'मांडवी' हे शब्द तिनं स्वतःच वैयक्तिक कोशात घातले. त्या फाइलची एक प्रत मी पेनड्राइव्हवर घेऊन ठेवली आहे, म्हणजे संगणक बदलला तरी तिचे शब्द पुन्हा घालावे लागणार नाहीत.