ओपनएफडीए आणि एआय सहायक: जोडणी सोपी, नावं अवघड

ओपनएफडीए ही अमेरिकेच्या एफडीएची (अन्न व औषध प्रशासनाची) मोफत एपीआय सेवा, म्हणजे प्रोग्रॅमने थेट माहिती मागवायची सोय, २०१४ पासून खुली आहे. एआय सहायकाला औषधमाहिती पुरवायची तर सुरुवात इथूनच करावी. एपीआय की (ओळखीचा सांकेतिक क्रमांक) नसेल तर दिवसाला १,००० विनंत्या, ती घेतली तर १,२०,०००; मिनिटाला मात्र २४०च. लेबल (औषधाचं अधिकृत माहितीपत्रक), दुष्परिणाम आणि रिकॉल (बाजारातून परत मागवलेली औषधं) यांची टूल्स, म्हणजे सहायक माहिती आणायला वापरतो ती फंक्शन्स, वेगळी ठेवा.

खरी गोची नावांची. पॅरासिटामॉल अमेरिकी लेबलांवर ॲसिटामिनोफेन असतं. म्हणून आधी आरएक्सनॉर्म या औषधनावांच्या अमेरिकी प्रमाण सूचीकडून औषधाचा आरएक्सकुई हा ओळख क्रमांक घ्या (याचा १६१) आणि मग त्यावरून मिळालेल्या अमेरिकी नावाने लेबल शोधा. ही पायरी गाळू नकाच.

काहीच सापडलं नाही की सेवा ४०४ हा त्रुटी-कोड देते. सहायक त्याला सर्व्हर बंद समजतो किंवा, त्याहून घातक, स्वतःच्या मनाने उत्तर रचतो. टूलमध्येच तो ४०४ पकडून ‘नोंद सापडली नाही’ असं परत पाठवा. लेबलही अख्खं देऊ नका, फार लांब असतं. इशारे, मात्रा, आंतरक्रिया यांतला हवा तो विभागच द्या.

दुष्परिणामांच्या मोजणीत फील्डला ‘.एक्झॅक्ट’ जोडलं नाही तर ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’चे (हृदयविकाराचा झटका) दोन शब्द सुटे मोजले जातात. आकडे बरोबर आले तरी त्यांवरून धोक्याची टक्केवारी काढू देऊ नये: दुष्परिणामांचे अहवाल दुबार असतात, औषध किती जणांनी घेतलं ते त्यात नसतं आणि औषधामुळेच त्रास झाला हेही सिद्ध झालेलं नसतं. सिस्टम प्रॉम्प्टमध्ये (सहायकाला दिलेल्या कायमच्या सूचनांत) हे ठणकावून लिहा.

लेबलांसाठी सेवा उत्तम. दुष्परिणामांचा भाग जाणकाराच्या नजरेखालीच वापरावा.