मसाल्यांचा भेटडबा आतून पाहिला तर

मसाल्यांच्या भेटडब्यात फसवणं सोपं असतं, कारण पैसे देणारा तो चाखत नाही आणि चाखणारा पैसे देत नाही. ज्याला डबा मिळतो तो भिडेखातर ‘छान होता’ म्हणतो, अर्धी बाटली सहा महिन्यांनी कचऱ्यात जाते आणि विकणाऱ्यापर्यंत तक्रार पोचतच नाही. पुढच्या सणाला तोच माल नव्या रिबिनीत येतो.

आधी वजनं जोडा. आठ बाटल्या, प्रत्येकीवर बारीक अक्षरात 12 ग्रॅम, म्हणजे सगळा मसाला 96 ग्रॅम. जाड बुडाची काच, लाकडी खोका आणि तळाशी भरलेला भुस्सा धरून डबा किलोभर होतो आणि हाताला भरगच्च लागतो. बाहेर कितीही मोठे आकडे असले, तरी बाटलीवरचं निव्वळ वजन तेवढं खरं धरायचं.

त्या वजनातही मीठ लपतं. 100 मिलीलीटरच्या बाटलीत नुसत्या मसाल्याची पूड साधारण 45 ते 50 ग्रॅम मावते. बारीक मीठ 120 ग्रॅमच्या आसपास बसतं. म्हणून तेवढ्याच बाटलीत 80 ग्रॅम ‘मसाला’ असेल, तर निम्म्याहून जास्त मीठ किंवा साखर आहे असं समजा. घटकांची यादी बहुतेक देशांत वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. यादीत सात जिन्नस आणि पहिलं मीठ, तर मीठ किमान सातवा हिस्सा असणारच; प्रत्यक्षात बहुधा त्याहून बरंच जास्त. डबा ज्याच्या नावाने विकला जातो तो जिन्नस यादीत कुठे आहे तेही पाहा. गुठळ्या होऊ नयेत म्हणून घालतात ते सिलिकॉन डायऑक्साइड साधारण 2 टक्क्यांच्या आत असतं. ‘केशरी मिश्रणा’त केशर त्याच्याही खाली असेल, तर ते फक्त लेबलासाठी घातलेलं आहे. माल्टोडेक्स्ट्रीन, स्टार्च, तांदळाचं पीठ ही भरताड. आणि नुसतंच ‘मसाले’ असं लिहिलं असेल तर काय विकत घेतलं ते कधीच कळणार नाही.

पूड झाली की मूळ वस्तू ओळखू येत नाही, म्हणून खरी भेसळ तिथेच होते. 2005 मध्ये ब्रिटनमध्ये मिरची पुडीतल्या सुदान 1 या मेणा-पॉलिशच्या रंगामुळे शेकडो तयार पदार्थ बाजारातून परत घ्यावे लागले; तो रंग एका सॉसमधून पुढे सगळीकडे पसरला होता. बांगलादेशात हळदीला चमक यावी म्हणून शिशाचं क्रोमेट हा विषारी पिवळा रंग चोळला जात होता. 2019 मध्ये ते उघड झालं आणि कारवाई झाली. 2023 मध्ये अमेरिकेत सफरचंदाच्या गरात घातलेल्या दालचिनी पुडीतून लहान मुलांच्या रक्तात शिसं गेलं. यातलं काहीही चवीला किंवा वासाला कळत नाही. मिरची पूड पाण्यात टाकली की तळाशी बसलेली विटेची पूड बोटाला खरखरीत लागते, एवढं घरी जमतं. शिसं मात्र प्रयोगशाळेतच सापडतं. म्हणून जास्तच पिवळीधमक हळद आणि जास्तच लालबुंद मिरची भेटीत नकोच.

‘मग अख्खे मसाले देऊ’ हा विचार बरोबर आहे, पण तिथलीही फसवणूक ठरलेली आहे.

दालचिनीच्या नावाखाली बहुधा कॅसिया, म्हणजे त्याच कुळातल्या दुसऱ्या झाडाची साल, मिळते. खऱ्या दालचिनीची कांडी पातळ सालींचे अनेक पदर गुंडाळून होते आणि बोटांनी चुरते. कॅसियाची साल जाड, एकेरी वळलेली, लाकडासारखी टणक. कॅसियात कुमारीन, म्हणजे जास्त झालं तर यकृताला त्रास देऊ शकणारं द्रव्य, बरंच असतं, म्हणून जर्मनीच्या अन्नसुरक्षा संस्थेने 60 किलोच्या माणसाला रोज 2 ग्रॅम कॅसियाची मर्यादा सांगितली आहे. कॅसिया वाईट नाही. तिला दुसऱ्या नावाने आणि दुसऱ्या भावाने विकणं वाईट.

लवंगेतलं तेल आधीच काढून घेतलेलं असू शकतं. पाण्यात टाका: चांगली लवंग बुडते किंवा उभी राहते, तेल काढलेली आडवी तरंगते. नखाने दाबल्यावर तेल दिसायला हवं. मिऱ्यात पपईच्या बिया: लांबट, सुरकुतलेल्या, हलक्या, तिखटपणा नाही. जायपत्रीत रामपत्री: रंग गडद, वास जवळजवळ नाहीच. केशर कोमट पाण्यात हळूहळू सोनेरी रंग सोडतं आणि तंतू लालच राहतो. पाणी लगेच लाल आणि तंतू फिका पडला तर रंगवलेलं. कागदात दाबून तेलकट डाग उमटला तर वजन वाढवायला तेल चोळलं आहे. महागाचं घेत असाल तर आयएसओ 3632 या केशराच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार केलेल्या तपासणीचा अहवाल मागा. पहिल्या प्रतीची रंगशक्ती किमान 200 असते.

चक्रीफूल मात्र गंमतीचा विषय नाही. जपानी चक्रीफूल विषारी असतं, दिसायला जवळजवळ तसंच, आणि नुसत्या डोळ्यांनी फरक करता येईल यावर विसंबू नये. सजावटीच्या सामानातून घेतलेली फुलं मिश्रणात टाकूच नका.

घरी मिश्रण करायचं तर पूड विकत आणून ढवळणं म्हणजे वरचीच सगळी फसवणूक आपल्या हाताने बाटलीत भरणं. अख्खे घ्या, मंद आचेवर प्रत्येक जिन्नस वेगळा भाजा, कारण धणे आणि जिरे एकत्र टाकले की जिरे आधी करपतात. ताटात पसरून पूर्ण गार करा. मिक्सर 10-15 सेकंद चालवून थांबवा. भांडं तापलं की सुगंधी तेल उडतं. दळल्यावर पूड पुन्हा अर्धा तास पसरा. गरम भरली की झाकणाच्या आत पाण्याचे थेंब जमतात, मग गुठळ्या, कुबट वास, शेवटी बुरशी. बाटलीत रंगीत थर रचून दिले तर हलवून वापरायला सांगा, नाहीतर पहिल्या चमच्यात सगळं मीठ. सगळे घटक आणि दळल्याची तारीख चिठ्ठीवर लिहा. ज्या भांड्यात शेंगदाणे दळले ते नीट धुवा, कारण शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्याला थोडा अंशही बाधू शकतो: अमेरिकेत 2014 ची अखेर आणि 2015 मध्ये जिऱ्याच्या पुडीत शेंगदाण्याचे अंश निघाले आणि अनेक पदार्थ परत मागवले गेले.

डबे ठोक घेणार असाल तर आधी एक विकत घ्या, उघडा, वजन करा, चाखा. मोठी मागणी आल्यावर येणारा माल नमुन्यासारखा असेलच असं नाही, म्हणून आलेल्या खेपेतूनही एक फोडा आणि एक सीलबंद ठेवा. बॅच क्रमांक, पावती, लेबलचा फोटो आणि ती न उघडलेली बाटली एवढं हातात असेल तर अन्नसुरक्षा खात्यात तक्रार टिकायला सोपं जातं. उघडलेल्या बाटलीबद्दल विकणारा ‘तुम्हीच काहीतरी मिसळलंत’ म्हणून मोकळा होतो.