‘लाइफटाइम क्लाऊड बॅकअप’ घेतला असेल, तर ते खातं कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा

सांगलीच्या बाजारपेठेत आमची छोटी ऑफसेट प्रेस आहे. बिलबुकं, लेटरहेड, लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, असली कामं. या धंद्यात मशीनइतकंच जुन्या फाइलींवर पोट असतं. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, “मागच्या वर्षीचंच छापा, फक्त तारीख आणि अध्यक्षांचं नाव बदला.” मागच्या वर्षीची कोरलची (डिझाइनच्या सॉफ्टवेअरची) फाइल सापडली तर अर्ध्या तासाचं काम. नाही सापडली तर ऑपरेटर नव्याने टाइप करत बसतो, आणि त्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ आहे. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर. कॉम्प्युटर आम्ही माळ्यावर चढवून वाचवले, पण बॅकअपची बाहेरची हार्ड डिस्क सादळून कायमची बंद पडली. त्या पुरानंतर बाजारातल्या प्रत्येकाला एकच घोर होता: दुकानातला डेटा दुकानाबाहेर ठेवायचा कुठे? नेमकं हे हेरून एकजण फिरायला लागला. परका नव्हता. प्रिंटर दुरुस्ती, सीसीटीव्ही, टॅलीचं रिन्यूअल अशी कामं तो अर्ध्या पेठेत करायचा. नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे.

त्याची ऑफर: अनलिमिटेड क्लाऊड बॅकअप, लाइफटाइम, एकदाच साडेआठ हजार. आम्ही विचारलं, सर्व्हर कोणाचा? “गूगलचाच आहे काका, माझा कशाला असेल!” आणि हे खरं होतं. फाइल टाकून दाखव म्हटलं, तर त्याने आमच्यासमोर एक पत्रिका फोल्डरमध्ये टाकली आणि मिनिटभरात स्वतःच्या मोबाइलवर उघडून दाखवली. हिरवी टिकही आली. त्याचं खोटं दुसरीकडेच होतं.

लॉगिनचा ईमेल त्याने स्वतः तयार करून दिला. त्याच्या शेवटी परदेशातल्या कुठल्याशा कॉलेजचं नाव आणि ‘डॉट ईडीयू’ होतं. त्याबद्दल विचारल्यावर उत्तर तयार होतं: “तो एंटरप्राइज प्लॅन आहे, म्हणून तसं दिसतं.”

हा प्रकार नंतर एका जाणकाराने उलगडून सांगितला. गूगल शिक्षणसंस्थांना बरीच वर्षं अमर्याद जागा फुकट देत असे. कोणीतरी परदेशी कॉलेजच्या नावाखाली खाती उघडतो, ती इंटरनेटवर किरकोळ पैशांत विकतो, आणि आमच्या माणसासारखे लोक ती घेऊन हजारो रुपयांना पुढे विकतात. खातं कॉलेजचं, चावी कॉलेजच्या ॲडमिनकडे, पैसे मात्र आपले. त्यात गूगलने फेब्रुवारी २०२१ मध्येच जाहीर केलं होतं की ही अमर्याद सोय बंद होणार आणि जुलै २०२२ पासून अख्ख्या संस्थेला मिळून १०० टीबी (म्हणजे सुमारे एक लाख जीबी) मिळणार. आम्हाला हे विकलं २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास. म्हणजे ‘लाइफटाइम’ विकणाऱ्याच्या मालाची मुदत आधीच ठरलेली होती. जागा मोजून मिळणार म्हटल्यावर कॉलेजं फालतू खाती झाडून काढणारच.

खरा घात पुढच्या भेटीत झाला. “कोरल हळू चालतंय ना? डिस्क भरलीय. जुनी वर्षं वर टाकून देतो, पळायला लागेल.” आणि त्याने सेटिंग असं करून ठेवलं की फाइली कॉम्प्युटरवर दिसायच्या, पण असायच्या फक्त क्लाऊडवर. डबल-क्लिक केलं की खाली उतरायच्या. बॅकअप म्हणून घेतलेल्या वस्तूत आता आमच्या फाइलींची एकुलती एक प्रत होती. हे काम करताना त्याने “इथलं काढून टाकतोय” असं अवाक्षर काढलं नाही.

मग एका ऑगस्टमध्ये, ऐन अहवालांच्या हंगामात, टिकेच्या जागी ‘पुन्हा साइन इन करा’ आलं. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकायच्या असतात. अहवाल त्याआधी सभासदांच्या हातात पडायला लागतो, त्यामुळे प्रेसवाल्याला त्या दिवसांत श्वास घ्यायलाही सवड नसते. फोन केला. “सर्व्हर मेंटेनन्स चालू आहे, संध्याकाळपर्यंत होईल.” मग “गूगलला तिकीट टाकलंय.” मग “मी पुण्यात आहे.” मग फोन उचलणंच बंद. आमच्या ऑपरेटरने ब्राउझरमधून लॉगिन करून पाहिलं, तर खातंच अस्तित्वात नाही असा संदेश. गूगलकडे दाद मागायला गेलो तर पहिला प्रश्न हाच, की खातं ज्या संस्थेचं आहे तिच्या ॲडमिनशी बोला. साता समुद्रापलीकडच्या त्या कॉलेजने आमच्या मेलला उत्तर का द्यावं?

बिल काढून पाहिलं, तर त्यावर ‘कॉम्प्युटर सर्व्हिस चार्जेस’. बॅकअप, क्लाऊड, जीबी, मुदत, यातलं एक अक्षर नाही. पैसे घेताना तो म्हणाला होता, “जीएसटीला सोपं जातं म्हणून असं लिहितो.” आता कळतंय ते कोणाला सोपं जात होतं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली. वकिलांनी सांगितलं, ग्राहक आयोगात ‘हे व्यापारी कारणासाठी घेतलं’ असा आक्षेप समोरचा घेईल, पण स्वतःच्या उपजीविकेसाठी धंदा करणाऱ्याला २०१९ च्या कायद्यात सवलत आहे, लढता येईल. लढतोय. त्याच्याशी झालेलं व्हॉट्सॲपवरचं बोलणं, ज्यात ‘लाइफटाइम’ हा शब्द त्याने स्वतः टाइप केलाय, तेवढाच भक्कम पुरावा आहे. असं बोलणं कधी डिलीट करू नका.

फाइली? निम्म्याच्या आसपास परत मिळाल्या, त्याही क्लाऊडच्या कृपेने नाही. सीटीपीवाल्याला, म्हणजे कॉम्प्युटरवरून थेट छपाईची प्लेट काढून देणाऱ्याला, ज्या पीडीएफ मेल केल्या होत्या, त्या आमच्या मेलच्या ‘सेंट’मध्ये पडून होत्या. मिरजेच्या सीटीपीवाल्याकडे आणखी काही निघाल्या. भला माणूस, त्याने ऑपरेटर लावून शोधून दिल्या. बाकीचं छापील प्रतींवरून पुन्हा टाइप केलं. टॅली तेवढी वाचली, कारण अकाउंटंट दर महिन्याला स्वतःच्या पेन ड्राइव्हवर बॅकअप घेऊन जायचा.

पुढे नवी सेवा शोधताना जे विक्रेते भेटले, त्यांच्याही तऱ्हा सांगतो. एकाने घाबरवलं: “बॅकअप रोज घ्यायचा आणि सर्व्हर भारतातच पाहिजे, सरकारी नियम आहे, नाहीतर दंड.” नियम आहे, ऑगस्ट २०२२ मध्ये तो कडक झाला हेही खरं. पण तो कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांच्या हिशेबवह्यांसाठी. प्रोप्रायटरच्या प्रेसला तो लागू नाही. तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर मात्र जरूर विचारा. दुसरा ‘सिंक’लाच बॅकअप म्हणून विकत होता. सिंक म्हणजे दोन्हीकडे तंतोतंत तेच, त्यामुळे इथे फाइल उडाली की तिथेही उडते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस राहते, नंतर गेली. रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणीसाठी फाइली अडकवणाऱ्या व्हायरसने, फाइली कुलूपबंद केल्या तर तीच कुलपं इमानेइतबारे वर चढतात. जुन्या आवृत्त्या किती दिवस ठेवता, हे विचारल्यावर त्याने विषय बदलला.

तिसऱ्याचा दर फारच कमी होता, म्हणून खोदून विचारलं. डेटा थंड साठ्यात, म्हणजे स्वस्त पण परत काढायला तासन्‌तास लागणाऱ्या जागी ठेवायचा आणि काढायचे पैसे वेगळे. त्यात वाईट काही नाही, पण विकताना सांगायला नको? आणि ‘अनलिमिटेड’ शब्द ऐकला की मी आता चहा पाजून वाटेला लावतो. मायक्रोसॉफ्टने वनड्राइव्हची अमर्याद जागा २०१५ मध्ये मागे घेतली, ॲमेझॉनने २०१७ मध्ये. त्यांना परवडलं नाही ते पेठेतल्या माणसाला साडेआठ हजारांत कसं परवडेल?

बडी नावं घेतली म्हणजे निश्चिंत, असंही नाही. मार्च २०२१ मध्ये फ्रान्सच्या स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळलं, तेव्हा काही ग्राहकांना कळलं की पैसे मोजून घेतलेला बॅकअपही त्याच आवारात होता. तिथल्या कोर्टाने पुढे भरपाई द्यायला लावली, पण डेटा कोर्ट कुठून आणणार?

आता आमचं खातं आमच्या डोमेनवर, पैसे आमच्या कार्डवरून, बिल थेट कंपनीकडून प्रेसच्या जीएसटी नंबरवर. ॲडमिन मी, दुसरा ॲडमिन मुलगा. बसवून देणाऱ्याला फक्त बसवण्याची मजुरी. शिवाय एक हार्ड डिस्क दर शनिवारी विश्रामबागच्या घरी जाते. पैसे देण्याआधी मी एकच परीक्षा घेतली: दुसऱ्याच कॉम्प्युटरवर, विक्रेत्याचा हात न लागता, चार दिवसांपूर्वीची फाइल चार दिवसांपूर्वीच्या रूपात परत आणून दाखवा. तिघांपैकी एकालाच जमलं.

तुमच्या लॉगिनच्या ईमेलमध्ये अनोळखी कॉलेजचं नाव दिसत असेल, तर विकणाऱ्याशी भांडण नंतर करा. खातं चालू आहे तोवर सगळं खाली उतरवून घ्या. १० एमबीपीएसच्या लाइनवर ५०० जीबीला अखंड साडेचार दिवस लागतात, म्हणून शनिवार-रविवारची वाट पाहू नका. आणि उतरवताना फोल्डर नुसते दिसतायत यावर जाऊ नका, नेट बंद करून चार-पाच जुन्या फाइली उघडून बघा.