ऐरोलीच्या खाडीवर ८×४२ दुर्बीण: हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

उन्हासमोर चित्र दुधाळ होते या माझ्या तक्रारीवर सेवा केंद्राने ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून दुर्बीण परत केली, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. दहा हजारांच्या आतली, ८×४२ (म्हणजे आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिमी वस्तुभिंगांची), सरळ नळ्यांची म्हणजे रूफ प्रिझमची, खोक्यावर ‘फुली मल्टिकोटेड’ (सर्व भिंगांवर परावर्तन कमी करणारे अनेक थर) छापलेली ही दुर्बीण मी ठाणे खाडीतले फ्लेमिंगो म्हणजे रोहित पक्षी पाहण्यासाठी घेतली. सकाळी ऐरोलीच्या काठावर ऊन पाठीशी असते, तेव्हा तक्रारीला जागाच नाही. छोट्या रोहिताची गडद चोच आणि मोठ्या रोहिताची काळ्या टोकाची गुलाबी चोच यांतला फरक लांबूनही स्वच्छ कळतो.

संध्याकाळी मात्र सूर्य मुलुंड-भांडुपच्या बाजूला, म्हणजे थेट समोर उतरतो आणि सगळे चित्र दुधाळ होते. सुरुवातीला मी हा दोष कोटिंगचा धरला होता. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो, चांगल्या बहुस्तरीय कोटिंगने तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो, आणि दुर्बिणीच्या एकेका नळीत असे पृष्ठभाग दहाहून अधिक असतात. तेव्हा स्वस्त मालात एखादे भिंग कोरे सोडले असेल, ही शंका रास्तच होती. पण ट्यूबलाइटची प्रतिबिंबे पुढच्या-मागच्या भिंगांत पाहिली, तर ती हिरवट-जांभळी होती, पांढरे एकही नव्हते. मग दुर्बीण हातभर लांब धरून उजळ आकाशाकडे रोखली. नेत्रिकेतली प्रकाशाची चकती पूर्ण गोल होती, परंतु तिच्या कडेला लागूनच चंद्रकोरीच्या आकाराची लख्ख चकाकी होती. वस्तुभिंगामागचे धातूचे कडे नीट काळे केलेलेच नाही, आणि तिरपा प्रकाश त्यावरून उसळून डोळ्यापर्यंत येतो.

हे सेवा केंद्रात दाखवले, तेव्हा तंत्रज्ञाने दुर्बीण समोरच्या इमारतीवर रोखली आणि ‘साहेब, पिक्चर तर क्लिअर आहे’ एवढेच म्हणाला. उन्हाकडे तोंड केल्याशिवाय हा दोष दिसणारच कसा? शेवटी काळा, खरबरीत कार्डपेपर गुंडाळून वस्तुभिंगांपुढे चार बोटे लांबीच्या नळ्या बसवल्या. सूर्य बाजूला असेल तर रंग बरेच परत येतात. सूर्यावर दुर्बीण कधीही रोखू नये, हे वेगळे सांगायला नको.

याच पैशात आज घ्यायची झाली, तर मी पोरो प्रिझमची (वाकड्या नळ्यांची, जुन्या घडणीची) ८×४० घेईन. पोरोत प्रकाश पूर्ण आंतरिक परावर्तनाने, म्हणजे आरशाच्या लेपाशिवाय काचेच्या आतूनच वळतो. नेहमीच्या रूफ प्रिझमला आरशाचा लेप आणि फेज कोटिंग (प्रकाशलहरींचा मेळ राखून चित्र स्पष्ट ठेवणारा लेप) दोन्ही लागतात, आणि स्वस्त दुर्बिणीत काटकसर तिथेच होते. एक गोष्ट मात्र या दुर्बिणीच्या बाजूने नोंदवायला हवी: नायट्रोजन भरलेला असल्याने भर पावसाळ्यातही आत बाष्प धरले नाही. साध्या पोरोला बुरशीपासून जपायचे, तर ती घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावी लागेल आणि ते जेलही अधूनमधून तापवून कोरडे करावे लागेल.