‘स्मृतिचित्रे’ आधी की ‘आहे मनोहर तरी’?

मराठीतली बायकांची आत्मचरित्रं वाचायची म्हटलं की ही दोन नावं हमखास पुढे येतात. पहिलं लक्ष्मीबाई टिळकांचं, दुसरं सुनीता देशपांडे यांचं. दोघींचेही नवरे नामवंत, एकीचे रेव्हरंड नारायण वामन टिळक, दुसरीचे पु. ल. देशपांडे. नुकतीच दोन्ही लागोपाठ वाचली. एवढं साम्य सोडलं तर दोन्हींची जातकुळी पार वेगळी आहे, असं माझं मत झालं.

लक्ष्मीबाई टिळकांचं पुस्तक १९३४ पासून भागाभागाने आलं. शाळा अशी त्यांना मिळालीच नव्हती, आणि ते पुस्तकाच्या पथ्यावरच पडलंय. वाक्यं छोटी, समोर बसून बोलल्यासारखी. सुरुवातीलाच वडिलांचं सोवळं येतं. सत्तावन्नच्या बंडापायी आजोबा फाशी गेले, त्या धक्क्याने वडिलांच्या डोक्यात सोवळं असं काही शिरलं की घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय चालेना. घरच्यांचे काय हाल झाले असतील! पण लक्ष्मीबाई ते हसत हसत सांगतात, आणि शेवटपर्यंत त्यांची रीत हीच. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले. मागे बायको आणि लहानगा मुलगा, पुढे काही वर्षांची ताटातूट. इथे रडून घ्यायचा हक्क कुणीही दिला असता. लक्ष्मीबाई मात्र दुःख सांगतानाही स्वतःची टिंगल करायचं सोडत नाहीत.

माझ्या लेखी पुस्तकाचा सर्वांत मोलाचा भाग यानंतरचा. त्या नवऱ्याकडे परततात, पण शिवाशिव काही लगेच मनातून जात नाही. ती कशी सुटत गेली, हे त्या कुठलाही आव न आणता सांगतात. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो नवऱ्यामागून फरपटत नव्हे, हे तोवर आपल्याला पटलेलं असतं. शेवटाकडे मात्र रंग थोडा उतरतो. तो भाग त्यांच्या पश्चात मुलाने, देवदत्त टिळकांनी, पूर्ण केलाय आणि तो फरक जाणवतो.

सुनीताबाईंचं पुस्तक १९९० चं. इथे जन्मापासून क्रमाने काही नाही. एका आठवणीतून दुसरी निघते, मध्येच कवितेची ओळ येते, मग स्वतःशीच वाद सुरू होतो. बेचाळीसच्या चळवळीतली मुलगी, रत्नागिरीत १९४६ साली झालेलं साधं नोंदणी लग्न, ही पानं झरझर वाचून होतात. अडायला होतं ते पुढे. संसार, व्यवहार, नवऱ्याच्या कामाची उस्तवार हे सगळं आपण का अंगावर घेतलं, त्यात किती प्रेम आणि किती अहंकार, याचा हिशेब त्या मांडत बसतात. स्वतःलाही सूट देत नाहीत, पुलंनाही नाही. काही ठिकाणी हा काटेकोरपणा मला जाचला. तोच मुद्दा पुन्हा उगाळला जातो, आणि ‘बाई, आता पुरे’ असं म्हणावंसं वाटतं. पण तीच पानं दुसऱ्या दिवशी डोक्यात घोळत राहिली हेही खरं.

पुलंचे किस्से मिळतील म्हणून हे पुस्तक घेणार असाल तर घेऊ नका. त्यांच्यावर लहानपणापासून प्रेम असेल तर थोडं दुखेलही, तरी त्यासाठी वाचणं टाळू नये. ज्याला घटना, माणसं, गोष्ट हवी त्याने ‘स्मृतिचित्रे’ घ्यावं. घरात कुणाला वाचून दाखवायचं असेल तर प्रश्नच नाही. लग्नाला बरीच वर्षं झालेल्या, स्वतःशी भांडायची सवय असलेल्या वाचकाला सुनीताबाई जास्त जवळच्या वाटतील. विशीत हे पुस्तक कितपत भिडेल, शंका आहे. माधवी देसाईंचं ‘नाच ग घुमा’ याच रांगेत सुचवलं जातं. ते धारदार आहे, पण या दोन्हींनंतरच हातात घ्या.

एकच घ्यायचं झालं तर माझं मत लक्ष्मीबाईंना. फक्त विकत घेताना आवृत्ती नीट बघा, ‘स्मृतिचित्रे’ संक्षिप्त रूपातही मिळतं. कमी जाडी बघून ते संक्षिप्त रूप उचलू नका. यातली मजा किरकोळ वाटणाऱ्या प्रसंगांत आहे, आणि काटछाट करताना पहिली कात्री लागते ती त्यांनाच.