हिरड्या मोजणारे सॉफ्टवेअर: कॉलेज रोडवरील एका 'स्माईल अ‍ॅनालिसिस' सेवेविषयी

नाशिकमध्ये कॉलेज रोडवरील एका दंतचिकित्सालयात सध्या कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी 'स्माईल अ‍ॅनालिसिस' नावाची सेवा मिळते. हसताना वरच्या हिरड्या किती दिसतात याचे मोजमाप करणे आणि त्यावरून उपचार सुचवणे, हे तिचे काम. हसताना हिरडी जास्त दिसणे, म्हणजे दंतवैद्य ज्याला गमी स्माईल म्हणतात, त्याची तपासणी माझ्या २१ वर्षांच्या मुलीला करून घ्यायची होती, म्हणून आम्ही ती घेतली. माझे मत आधीच सांगते: मोजमापासाठी ही सेवा चांगली आहे, निदानासाठी अपुरी आहे, आणि अहवालाच्या शेवटच्या पानावरील 'उपचारानंतरचे' चित्र काढून टाकले तर कोणाचेही नुकसान होणार नाही.

तपासणीची पद्धत मात्र विचारपूर्वक आखलेली वाटली. रुग्णाला सरळ बसवून, डोके वर किंवा खाली कलणार नाही अशी काळजी घेऊन, एकच छायाचित्र न काढता छोटी चित्रफीत घेतात. 'हसा' म्हटल्यावर माणूस जे हसतो ते बेताचे असते. मनापासून हसताना ओठ त्याहून बराच वर जातो, आणि उपचार ठरवायचा तो या दुसऱ्या हसण्यावरून. मुलगी पहिल्यांदा ओठ आवळूनच हसली. मग तिथल्या सहायक ताईंनी कॉलेजच्या कँटीनचा विषय काढला आणि ती खळखळून हसली, तेव्हाची चौकट सॉफ्टवेअरने बरोबर निवडली. छायाचित्रातले अंतर मिलिमीटरमध्ये आणण्यासाठी डॉक्टरबाईंनी पुढच्या एका दाताची रुंदी व्हर्नियरने (बारीक अंतर मोजण्याच्या साधनाने) मोजून संगणकात भरली. ही पायरी गाळली तर अहवालातले दशांश चिन्हापुढचे आकडे केवळ शोभेचे उरतात. म्हणून अशी तपासणी करून घेणाऱ्याने या एका गोष्टीकडे अवश्य लक्ष द्यावे.

काही क्षणांत पडद्यावर ओठाची खालची कड, हिरडीची कड आणि दातांची टोके यांवर रंगीत रेषा उमटल्या. मधल्या दातांवर ४.६ मिलिमीटर हिरडी दिसते, असा आकडा आला. सामान्यतः ३ ते ४ मिलिमीटरपेक्षा जास्त हिरडी दिसली तर ती जास्त मानतात. डॉक्टरांनी पट्टी लावून पुन्हा मोजले, तेव्हा फरक नगण्य निघाला. गडबड झाली ती सुळ्यापाशी. आपल्याकडे पुष्कळांच्या हिरड्यांवर तपकिरी पट्टा असतो, तो पूर्णपणे नैसर्गिक आहे, आणि माझ्या मुलीच्या हिरड्यांवरही तो आहे. सॉफ्टवेअरने उजव्या सुळ्यावरील त्या गडद पट्ट्यालाच ओठ समजून रेषा त्याच्या खालून नेली, आणि तिथे हिरडी जवळजवळ दिसतच नाही असा निष्कर्ष काढला. सहायक ताईंनी ते बिंदू माउसने ओढून जागेवर आणले. अशा प्रणाल्या ज्या छायाचित्रांवर शिकवल्या जातात, त्यांत गुलाबी हिरड्याच जास्त असतील तर हे होणारच. तेव्हा नाशिकमध्ये ती वापरणाऱ्याने प्रत्येक रेषा स्वतःच्या डोळ्यांनी तपासली पाहिजे. इथे ती तपासली गेली, हे नोंदवण्यासारखे आहे.

आता उपचारांविषयी. अहवालाने पहिला पर्याय म्हणून ओठ उचलणाऱ्या स्नायूंत ते सैल करणाऱ्या बोटॉक्सचे इंजेक्शन सुचवले आणि दुसरा म्हणून लेझरने हिरडी कापणे. हे वाचून मुलीचा चेहरा खुलला, कारण दोन्ही गोष्टी सोप्या वाटतात. परंतु हिरडी जास्त दिसण्याची कारणे वेगवेगळी असतात. वरच्या जबड्याची उंचीच जास्त असू शकते, ओठ आखूड असू शकतो, ओठ लांबीने ठीक असूनही हसताना प्रमाणाबाहेर वर जात असू शकतो, किंवा दात पूर्ण उगवल्यावरही हिरडी मागे न सरकता दातावरच राहिलेली असू शकते. रक्तदाबाच्या किंवा फिटच्या काही औषधांनीही हिरडी वाढते. या सगळ्यांत छायाचित्रावरचा आकडा सारखाच येऊ शकतो, उपचार मात्र प्रत्येकाचा निराळा.

डॉक्टरबाईंनी अहवाल बाजूला ठेवला तो इथेच. नाकाखालपासून वरच्या ओठाच्या कडेपर्यंतची लांबी २१ मिलिमीटर, म्हणजे तरुण मुलीसाठी योग्य. हसताना ओठ ७ मिलिमीटर वर जातो, तेही ६ ते ८ या नेहमीच्या मर्यादेत. मग ओठाचा दोष नसताना बोटॉक्स कशासाठी, आणि तेही ज्याचा परिणाम काही महिन्यांत ओसरतो? दुसरीकडे, पुढच्या दाताची दिसणारी उंची ८.५ आणि रुंदी ८.२ मिलिमीटर होती. रुंदी उंचीच्या साधारण ७५ ते ८० टक्के असली की दात प्रमाणबद्ध दिसतो, इथे ती ९६ टक्के होती. दात आखूड आहे हे सॉफ्टवेअरनेही टिपले होते, पण का आखूड आहे हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. डॉक्टरांनी प्रोब, म्हणजे मोजमापाची बारीक सळई, हिरडीखाली सरकवला आणि म्हणाल्या, "काकू, दात आखूड नाहीये. दोन मिलिमीटर दात हिरडीखाली झाकलेला आहे." क्ष-किरण तपासणीत हाडाची कडही दाताच्या मानेला (दाताचा वरचा भाग आणि मूळ जिथे मिळतात तिथे) अगदी चिकटून असल्याचे दिसले. हाड आणि हिरडीची कड यांच्यामध्ये शरीर ठरावीक अंतर राखते. म्हणून हाड तसेच ठेवून केवळ लेझरने हिरडी कापली, तर ती कालांतराने पुन्हा खाली उतरते. हाडाची कडही थोडी घासावी लागणार, आणि ते काम पेरिओडॉन्टिस्टचे, म्हणजे हिरड्यांच्या तज्ज्ञाचे. तसे झाल्यास ४.६ मधून २ वजा जाऊन २.६ मिलिमीटर हिरडी दिसेल, आणि एवढे पुरेसे आहे.

केवळ अहवाल हातात घेऊन कोणी लेझरच्या खुर्चीत जाऊन बसले असते, तर खर्च आणि दुखणे दोन्ही दोनदा झाले असते. पेरिओडॉन्टिस्टचे दुसरे मत घेण्यासाठी नाशिककरांना मुंबई-पुणे गाठण्याची गरज नाही. पंचवटीत दंत महाविद्यालय आहे आणि तिथे हिरड्यांचा विभाग आहे.

त्या 'नंतरच्या' चित्राविषयी थोडेसे. त्यात हिरडी कमी झाली होतीच, पण दातही पांढरेशुभ्र झाले होते, वरचा ओठ भरला होता आणि गालावरचा तीळ गायब होता. यांतले काहीही आम्ही मागितले नव्हते, आणि शस्त्रक्रियेने तीळ जात नाही.

तक्रारी दोन आहेत. टॅबलेटवर सही घेताना संमतीपत्र केवळ इंग्रजीत होते, आणि चेहऱ्याची चित्रफीत कुठे साठवली जाते, सॉफ्टवेअर शिकवण्यासाठी वापरली जाते का, हे स्वागतकक्षात कोणालाही सांगता आले नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अशी सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय देण्याची तरतूद आहे, आणि मराठी त्या अनुसूचीत आहे. दुसरी तक्रार पैशांची: सॉफ्टवेअरच्या अहवालाचे शुल्क डॉक्टरांच्या तपासणी शुल्कापेक्षा वेगळे आकारतात, हे आम्हाला बिल हातात आल्यावर समजले. विचारल्यावर व्यवस्थापकांनी वाद घातला नाही, मूळ चित्रफीतही पेन ड्राइव्हवर दिली.

शस्त्रक्रिया मुलीची परीक्षा आटोपल्यावर करायची आहे. त्यानंतर हिरडीची कड स्थिरावायला काही महिने लागतात. तेव्हा त्याच खुर्चीत, त्याच प्रकाशात पुन्हा चित्रफीत घेऊन जुने आणि नवे आकडे ताडून पाहता येतील, आणि या कामाला हे सॉफ्टवेअर खरोखर उपयोगी पडेल. त्या दुसऱ्या मोजमापाचे वेगळे पैसे लागणार नाहीत, हे मी पावतीवर लिहून घेतले आहे.